दहा व्हायल आणि एक काचेची नळी

घोणस किंवा फुरसे चावलेल्या माणसाच्या रक्तात विष भिनले आहे का, हे ओळखण्याची एक चाचणी आहे. तिला साध्या काचेची एक स्वच्छ, कोरडी परीक्षानळी लागते, बाकी काही नाही. शिरेतून 2 मिली रक्त काढायचे, ते नळीत सोडायचे, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि 20 मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ते जागचे हलत नाही. विषाने रक्त गोठवणारे घटक संपवले असतील तर ते नळीच्या कडेने पाण्यासारखे ओघळते. ओघळले की सर्पविषावरची लस लगेच सुरू करायची. या चाचणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि खर्च जवळजवळ नसतोच, म्हणून जिथे काहीच नाही तिथल्यासाठी ती वरदान आहे असे मी विद्यार्थिदशेत शिकले आणि तेव्हापासून तसेच मानत आले.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सहा वर्षे वैद्यकीय अधिकारी होते. डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे असे एक केंद्र असावे असा निकष आहे, पण आमच्याकडे येणारी माणसे त्या हिशेबाने येत नसत; जिथून गाडी मिळेल तिथून येत. जुलैमध्ये भाताची लावणी सुरू झाली की संध्याकाळी सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागत. अशाच एका रात्री साधारण चाळिशीच्या एका बाईंना त्यांचा नवरा आणि दीर मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले. बांधावरून उतरताना घोट्याजवळ काहीतरी चावले होते, अंधारात कोणी पाहिले नव्हते. घोट्याला थोडी सूज होती, दोन पुसट खुणा होत्या, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जात नव्हते. मी रक्त काढले, नळी उभी केली, घड्याळ लावले. वीस मिनिटांनी नळी कलवली आणि रक्त ओघळले.

कपाटात लसीच्या दहा व्हायल होत्या आणि पहिली मात्राही दहा व्हायलचीच असते. लस भुकटीच्या स्वरूपात येते. प्रत्येक व्हायलमध्ये 10 मिली शुद्ध पाणी घालून ती हळूहळू फिरवत विरघळवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो. सिस्टर आणि मी समोरासमोर बसून दहाही विरघळवल्या, त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. सलाईनमधून लस सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली असतील नसतील, तोच बाईंच्या अंगावर गांध्या उठल्या, हुडहुडी भरली आणि रक्तदाब उतरला. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या या लसीने अशी प्रतिक्रिया येऊ शकते हे ठाऊक असल्यामुळे ॲड्रिनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवले होते. ते मांडीत टोचल्यावर त्या हळूहळू सावरल्या आणि पहाटे रुग्णवाहिकेने आम्ही त्यांना पुण्याला पाठवले.

सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू होण्याआधी मला स्वस्थ बसवेना. सूज वाढली नव्हती, रक्तस्राव नव्हता, मग रक्त इतके पातळ कसे? त्याच स्टँडमधली दुसरी नळी मी घेतली आणि सिस्टरना माझे स्वतःचे रक्त काढायला सांगितले. वीस मिनिटांनी माझे रक्तही ओघळले.

केंद्रातल्या मावशींना विचारले, तेव्हा त्यांनी नळ्या कपडे धुण्याच्या पावडरने घासून, तीन-तीनदा विसळून, उन्हात उपड्या घालून वाळवल्याचे सांगितले. नळ्या खरोखरच चकचकीत होत्या. ‘‘मॅडम, डाग राहू नयेत म्हणून पावडर वापरली, काही चुकलं का?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, कारण चूक त्यांची नव्हती. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू करतो. साबण किंवा पावडरचा अंश काचेवर राहिला की ती प्रक्रिया नीट सुरू होत नाही आणि निरोगी माणसाचे रक्तही पातळच राहते. प्लास्टिकच्या नळीतही हीच अडचण येते. हे मला माहीत होते. मी ते मावशींना कधी सांगितले नव्हते, कारण नळ्या कोण धुते हा प्रश्नच माझ्या मनात कधी आला नव्हता.

गरज नसताना दिलेल्या लसीमुळे एका बाईचा जीव धोक्यात आला आणि कपाट रिकामे झाले. नवा साठा यायला चार दिवस लागले. त्या चार रात्री रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की मी जागी होत असे. त्या काळात सर्पदंशाचा रुग्ण आला नाही, एवढेच.

मर्यादित साधनांत चांगले उपचार कसे द्यावेत, या विषयावर बोलताना आपण बहुतेक वेळा काय नाही त्याची यादी करतो. डॉक्टर नाहीत, यंत्रे नाहीत, रक्तपेढी नाही, रस्ता नाही. ही यादी खोटी नाही आणि ती शासनापुढे पुन्हा पुन्हा मांडलीच पाहिजे. पण त्या रात्री माझ्याकडे लागणारे सारे काही होते. नळी होती, लस होती, ॲड्रिनलिन होते, अनुभवी सिस्टर होत्या. नसलेली गोष्ट एकच होती: मोठ्या रुग्णालयात आपोआप मिळणारा दुसरा डोळा. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या अतिदक्षता विभागात माझी नळी चुकली असती तरी प्रयोगशाळेचा अहवाल आला असता, वरिष्ठांनी सूज पाहून शंका घेतली असती, मेडिसिन विभागाच्या एखाद्या निवासी डॉक्टरने फोन केला असता. डोंगरातल्या केंद्रात तुमची चूक पकडायला तुमच्यामागे कोणी नसते. म्हणून जिथे साधने थोडी आहेत तिथे कामाची शिस्त शहरापेक्षा अधिक काटेकोर असायला हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘खेड्यात एवढे चालते’ हे वाक्य मला आजही ऐकवत नाही.

सर्पदंशाचे प्रमाण पाहिले तर हा विषय किती मोठा आहे ते कळते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसे साप चावून मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. या मृतांपैकी पुष्कळजण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि जे पोहोचतात त्यांच्यासाठी पहिला तास आमच्यासारख्या केंद्रातच जातो.

त्या घटनेनंतर आम्ही काय बदलले ते सांगते. सर्पदंशाच्या चाचणीसाठी नव्या काचेच्या नळ्यांचे वेगळे खोके केले, त्यावर ‘धुवायच्या नाहीत, एकदाच वापरायच्या’ असे मावशींनीच ठळक अक्षरांत लिहिले. शंका आली तर रुग्णाच्या नळीशेजारी निरोगी नातेवाइकाच्या रक्ताची दुसरी नळी लावायची असे ठरले. ती गोठली तर नळ्या ठीक आहेत हे कळते. पहिली चाचणी ठीक आली तरी अर्ध्या अर्ध्या तासाने ती पुन्हा करायची, हा नियम आधीपासून होता, तो आता भिंतीवर आला. आणि दर सोमवारी सकाळी लसीचा साठा मोजून तो वहीत लिहायची जबाबदारी एका ठरावीक माणसाची झाली. पूर्वी ती ‘सगळ्यांची’ होती, म्हणजे कोणाचीच नव्हती.

याच नळीची एक मर्यादाही आम्हाला लवकरच अनुभवाला आली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचे अनेकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. मण्यारीचे विष मज्जातंतूंवर काम करते, रक्तावर नाही, त्यामुळे नळीतले रक्त छान गोठते. नळीवर विसंबून राहिलात तर रुग्ण हातचा जातो. अशा एका विशीतल्या मुलाला आम्ही लस सुरू करून पुण्याला निघालो आणि वाटेतच त्याचा श्वास मंदावला. पुढचे दीड-दोन तास मी आणि सिस्टर आळीपाळीने अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत होतो. दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब, छाती वर येते का ते पाहायचे, मास्क गालावर घट्ट बसवायचा. घाटाच्या वळणांत एकाच वेळी मास्क धरणे, बॅग दाबणे आणि स्वतःचा तोल सांभाळणे जमेना, तेव्हा सिस्टरनी त्याच्या भावाला शेजारी बसवून बॅग त्याच्या हातात दिली आणि मोठ्याने मोजायला शिकवले. ‘‘एक, दोन, तीन, चार, दाब. घाई नको, भाऊ, चार म्हटल्याशिवाय दाबायचं नाही.’’ त्या भावाने पुण्याला पोहोचेपर्यंत एकदाही लय चुकवली नाही. साप चावलेला मुलगा काही दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि चालत घरी गेला. त्या प्रवासात मला खुपले ते दुसरेच: मास्कची रबरी कड उन्हाने कडक झाली होती आणि एका बाजूने हवा सुटत होती. मास्क कपाटात होता, यादीत होता, पण तो गालावर बसतो का हे कोणी महिनोन्महिने पाहिले नव्हते.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचेही तसेच. सिलिंडर भरलेला असतो, पण तो उघडायचा पाना सापडत नाही. आम्ही पाना दोरीने सिलिंडरलाच बांधला. इतकी साधी गोष्ट करायला दोन वर्षे का लागली, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

फ्रिजचा विषय मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात ते प्रसूतिगृहातल्या ट्रेमध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर त्याची ताकद कमी होत जाते, पण ॲम्प्यूल तशीच निर्मळ दिसते, मुदतीची तारीख तीच असते आणि सिस्टर पूर्ण विश्वासाने ते टोचतात. प्रतिबंधक लसींची गोष्ट उलट्या बाजूनेही बिघडते. पोलिओचा डोस उष्णतेने जातो आणि व्हायलवरचा चौकोन रंग बदलून ते आपल्याला सांगतो. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस गोठली तर ती कायमची निकामी होते आणि तो चौकोन त्याबाबत काहीच सांगत नाही. संशय आला की एक व्हायल मुद्दाम गोठवून, वितळवून, संशयित व्हायलबरोबर हलवून शेजारी ठेवतात. गोठलेल्या लसीचा गाळ लवकर आणि गुठळ्यागुठळ्यांनी खाली बसतो. बर्फाला चिकटून ठेवलेली लस अधिक सुरक्षित असते, ही समजूत मी अनुभवी कर्मचाऱ्यांमध्येही पाहिली आहे आणि ती मोडायला प्रत्येक वेळी या दोन व्हायल शेजारी ठेवून दाखवाव्या लागतात. सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद हे म्हणूनच कारकुनी काम नाही. एका केंद्रात (त्याचे नाव मी घेणार नाही) महिन्याचे साठही आकडे एकाच पेनाने, एकाच हाताने, सगळे 4 अंश असे लिहिलेले मी पाहिले, तेव्हा मला राग आला तो लिहिणाऱ्याचा नव्हे. ती वही तोवर कोणीच वाचली नव्हती याचा.

फ्रिज पोहोचत नाही तिथे काय करायचे, याचे एक उत्तर पुण्यातच तयार झाले, हे पुणेकरांना सहसा ठाऊक नसते. आफ्रिकेच्या मेंदुज्वराच्या पट्ट्यासाठी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने मेनॲफ्रिव्हॅक ही लस बनवली. 2010 मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली आणि तिची किंमत प्रति डोस अर्ध्या डॉलरहून कमी ठेवली गेली. पुढे सगळ्या तपासण्या होऊन ती 40 अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवसांपर्यंत शीतसाखळीबाहेर ठेवण्यास मान्यता मिळाली, त्यामुळे बर्फाच्या पेट्या न उचलता दूरच्या गावांत लसीकरण करता आले. यात मला महत्त्वाचे वाटते ते ‘तपासण्या होऊन’ हे शब्द. लस थोडा वेळ बाहेर राहिली तर काय बिघडते, असे कोणी आपल्या मनाने ठरवले नव्हते.

‘जुगाड’ हा शब्द आरोग्यसेवेच्या बाबतीत कौतुकाने वापरला जातो, तो मला पटत नाही. अडचणीच्या वेळी हाताशी असेल ते वापरावे लागते हे खरे. पण ते पुराव्याशिवाय नेहमीचे झाले तर गरिबाच्या अंगावर प्रयोग केल्यासारखे होते. साधा उपाय आणि कच्चा उपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 2002 ते 2005 या काळात 1,620 बाळंतिणींवर झालेला अभ्यास मी दर प्रशिक्षणात सांगते. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी बाळंतपणे करणाऱ्या एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) सिस्टरनी बाळ जन्मल्यानंतर काही स्त्रियांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या, आणि कोणती गोळी कोणाला मिळाली हे कोणालाच ठाऊक नव्हते. निष्क्रिय गोळ्या मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्के होते, औषध मिळालेल्यांत 6.4 टक्के. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. आणि रक्त नजरेने न अजमावता बाळंतिणीच्या खाली पसरलेल्या, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजले गेले. नजरेचा अंदाज नेहमी कमी पडतो, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणालाही विचारा.

आमच्या भागातून वरंधा घाट उतरला की महाड लागते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे, विशेषतः मुले, बारकाईने पाहिली, रात्र रात्र उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर गुणकारी असल्याचे दाखवले. सुमारे 40 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत 1 टक्क्यापर्यंत खाली आले. हे काम मोठ्या प्रयोगशाळेत झाले नाही. ते काळजीपूर्वक लिहिलेल्या केसपेपरांवर उभे आहे. आपल्या केंद्रातल्या केसपेपरवर ‘सर्पदंश, उपचार केले, पुढे पाठवले’ एवढीच ओळ दिसली की मला म्हणूनच वाईट वाटते.

तपासणी सूचीबद्दल (चेकलिस्टबद्दल) मी पूर्वी फार उत्साहाने बोलत असे. शस्त्रक्रियेसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीने आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचेही एक होते, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले होते. मग 2017 मध्ये उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांमधल्या बाळंतपणांचा मोठा अभ्यास आला. सूची आणि ती शिकवणारे मार्गदर्शक दिल्यावर सिस्टरचे काम बरेच सुधारले, पण माता आणि बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर गुंतागुंतींत फरक पडला नाही, आणि मार्गदर्शक येणे थांबल्यावर सुधारणाही हळूहळू ओसरू लागली. या निकालाने मला बराच काळ विचारात पाडले. माझी समजूत अशी की सूची माणसाला आठवण करून देते, पण बाळ रडले नाही तर पुढे काय करायचे ते हाताला येत नसेल, रक्त लागले तर ते मिळत नसेल, पुढच्या रुग्णालयात फोन कोणी उचलत नसेल, तर आठवण करून देऊन फारसे साधत नाही. बंद करावी अशी सूची ही नाही. तिच्याबरोबर सराव, साठा आणि पाठवणी या तिन्ही गोष्टी हव्यात.

पाठवणीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण पुण्याच्या बाजूने तिच्याकडे कोणी पाहत नाही. रुग्ण ‘वरती’ पाठवला म्हणजे आपण सुटलो, अशी भावना खाली असते, आणि ‘खालून काहीतरी करून पाठवतात’ अशी तक्रार वर असते. झटके येत असलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊनच गाडीत घातले पाहिजे. ती न देता पाठवली तर दोन तासांच्या वाटेत दुसरा झटका येऊ शकतो. आणि दिली असेल तर किती दिली, केव्हा दिली, हे चिठ्ठीवर लिहिले पाहिजे, नाहीतर वरचे डॉक्टर एकतर पुन्हा देतात किंवा देतच नाहीत. सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी पुणे जिल्ह्यातल्या वढूला ग्रामीण प्रकल्प उभा केला, तेव्हा गावातली आरोग्यसेविका, वढूचे केंद्र आणि रास्ता पेठेतले रुग्णालय ही एकच साखळी आहे असे धरून काम झाले. शहरातले रुग्णालय खेड्याकडे उपकार म्हणून न पाहता आपलाच पहिला विभाग म्हणून पाहते तेव्हा चिठ्ठी वाचली जाते आणि फोनही उचलला जातो.

अलीकडे पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांमधून, कंपन्यांमधून, निवृत्त मंडळींकडून मला विचारणा होते की आम्हाला एखाद्या ग्रामीण केंद्राला काही द्यायचे आहे, काय द्यावे? बहुतेकांच्या मनात मोठे यंत्र असते, त्यावर नावाची पाटी लावता येते. मी अशी यंत्रे प्लास्टिकच्या वेष्टणात, एका सेन्सरवाचून, कोपऱ्यात उभी पाहिली आहेत. म्हणून मी त्यांना आधी केंद्रात जाऊन सिस्टरना आणि मावशींना भेटायला सांगते, डॉक्टरांना नंतर. गेल्या महिन्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका गटाने तसे केले आणि यादी घेऊन आले: नवजात बाळाच्या मापाची अँबू बॅग आणि दोन मापांचे मास्क, काचेच्या नळ्यांची पाच खोकी, प्रसूतिगृहातल्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर, भिंतीवरचे सेकंदकाटा असलेले घड्याळ. इन्व्हर्टरचे पैसे त्यांनी लगेच जमवले. त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागेल, तिचेही पैसे आत्ताच वेगळे काढून ठेवा आणि कोणी बदलायची त्याचे नाव केंद्रातल्या वहीत लिहा, एवढे मी त्यांना सांगितले आहे. ते नाव अजून ठरायचे आहे.